अस्थिशारीराचा अभ्यास : हाडाचे नाव आणि हाडाचा रक्तपुरवठा

आयुर्वेद पदवीधरांना पदव्युत्तर शिक्षणासाठी २०१७ पासून अखिल भारतीय पातळीवरील आयुष प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शल्यतंत्र घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना या परीक्षेत, आणि पुढे पदव्युत्तर परीक्षांतही, अस्थी, संधी व भग्न यांवरील प्रश्न सोडवावे लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने शल्याची ३९ व शालाक्याची १९ अशा एकूण ५८ कर्मांची यादी अधिसूचित केली. परिषदेच्या जागी २०२१ मध्ये भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला. यादीवरील वादविवाद आपणां सर्वांस ठाऊक आहेतच. तथापि एक गोष्ट वादातीत आहे. ज्यास शरीररचना नेमकी ठाऊक नाही, त्याच्या हाती शस्त्रच काय, साधी पट्टीही सुरक्षित नाही.

विद्यार्थी अस्थींची नावे, संख्या व भग्नाचे प्रकार पाठ करतात. ते आवश्यक आहेच. परंतु परीक्षेतील बहुतेक अवघड प्रश्न आणि व्यवसायातील बहुतेक गंभीर चुका या दोहोंचे मूळ वेगळ्याच ठिकाणी असते. या हाडाला रक्त कोठून मिळते आणि त्याच्या लगत कोणती वाहिनी व कोणती नाडी जाते, हे ते ठिकाण होय. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने अस्थिशारीराची उजळणी केली आहे.

१. तीनशे, तीनशे साठ आणि दोनशे सहा

सुश्रुताचार्यांनी शल्यतंत्राच्या मते अस्थी ३०० सांगितल्या असून वेदवादी त्या ३६० मानतात, असाही उल्लेख केला आहे. चरकसंहितेत ३६० हीच संख्या आहे. आधुनिक शारीरानुसार प्रौढ मनुष्यात २०६ अस्थी असतात. हा विरोध वाटतो तेवढा मोठा नाही. सुश्रुतांनी ३०० पैकी १२० अस्थी चार शाखांत, ११७ श्रोणी, पार्श्व, पृष्ठ व उर या भागांत आणि ६३ ग्रीवेच्या वर मोजल्या आहेत. प्रत्येक शाखेत ३० अस्थी होतात. आधुनिक गणनेतही अंसफलक, जत्रुकास्थी व श्रोणिफलक वगळल्यास प्रत्येक हातात ३० व प्रत्येक पायात ३० हाडे भरतात. तपशील मात्र जुळत नाही. उदाहरणार्थ, सुश्रुतांनी अंगठ्यासह प्रत्येक बोटात तीन अस्थी धरल्या आहेत, तर आधुनिक शारीरात अंगठ्यात दोनच पर्वास्थी आहेत. एकूण बेरीज मात्र एकच येते.

मुख्य फरक धड व शिर यांत आहे. प्राचीनांनी दातांना रुचक अस्थी म्हणून गणनेत घेतले, तरुणास्थी म्हणजे कूर्चाही मोजल्या, आणि चरकांनी तर पर्शुकांबरोबर त्यांची स्थालके व अर्बुदे वेगळी धरली. विद्यार्थ्याने उत्तर लिहिताना दोन्ही संख्या देऊन गणनेचा निकष सांगावा. संख्येचा अभिमान वा संकोच दोन्ही अनाठायी आहेत.

अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक हे पाच प्रकार केवळ आकारावरून नाहीत, आघाताने काय होते याच्याशीही ते निगडित आहेत. तरुणास्थी वाकतात, नलकास्थी मोडतात, कपालास्थींना भेग जाते व रुचकास्थींचा तुकडा उडतो, हे निदानस्थानातील निरीक्षण आजही क्ष-किरण चित्रासमोर बसून पडताळता येते. लहान मुलाचे हाड ओल्या फांदीप्रमाणे एका बाजूस वाकते व दुसऱ्या बाजूस अर्धवट मोडते. बारा कांडभग्नांपैकी वक्र हा प्रकार येथे आठवावा.

२. अस्थी हा जिवंत धातू आहे

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजांचा व उरलेला मुख्यतः कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा असतो. खनिजांमुळे कठीणपणा येतो, तंतूंमुळे लवचीकपणा येतो. परंतु शुष्क सांगाड्यावर अभ्यास करणाऱ्यास हाड हे निर्जीव काष्ठ वाटू लागते. वस्तुतः लांब हाडास तीन मार्गांनी रक्त मिळते. पोषक धमनी मधल्या भागातून आत शिरून मज्जा व कठीण भागाचा आतील सुमारे दोन-तृतीयांश थर पोसते. टोकांजवळच्या लहान धमन्या दुसरा मार्ग होय, आणि अस्थिधरा म्हणजे हाडावरील आवरणातील वाहिन्या तिसरा.

पोषक छिद्राची दिशा हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न आहे. हातात ती कोपराकडे असते, पायात गुडघ्यापासून दूर असते. हाडाचे अधिक वाढणारे टोक या दिशेच्या विरुद्ध बाजूस असते, एवढे ध्यानात ठेवले की पाठांतराची गरज उरत नाही.

३. जेथे रक्तपुरवठा तोकडा पडतो

काही ठिकाणी भग्नाने हाडच नव्हे, त्याची अन्नवाहिनीही तुटते. पुढील तीन ठिकाणे प्रत्येकाने लक्षात ठेवावीत.

मनगटातील नौकाकार अस्थी म्हणजे स्कॅफॉइड. हिला बहुतांश रक्त बोटांकडील बाजूने मिळते व तेथून ते मागे कोपराच्या दिशेने जाते. त्यामुळे कंबरेशी भंग झाल्यास मागचा तुकडा उपाशी राहतो. हातावर पडलेल्या तरुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर पहिले क्ष-किरण चित्र निर्दोष दिसले तरी लचक म्हणून सोडू नये. मनगट आधार देऊन स्थिर ठेवावे व दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र काढावे.

ऊर्वस्थी म्हणजे फीमर हिची मान. फीमरच्या डोक्यास मुख्यतः मानेवरून चढणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे रक्त मिळते. संधिकोशाच्या आत मान मोडली की या वाहिन्या तुटतात, आणि डोके मृत होण्याचा धोका राहतो. मानेखाली, दोन उंचवट्यांच्या दरम्यान झालेला भंग मात्र रक्तपुरवठा विपुल असल्याने सहसा जुळतो. घरात पाय घसरून पडलेल्या वृद्धेचा पाय आखूड व बाहेर वळलेला दिसतो तो दोन्ही भंगांत. निर्णय क्ष-किरणावरच करावा लागतो.

जंघास्थीचा खालचा तृतीयांश. येथे स्नायूंचे आच्छादन अत्यल्प असते. म्हणून हा भंग विलंबाने जुळतो व त्वचा फाटल्यास जंतुसंसर्गाचे भय अधिक.

४. सातपुड्याच्या पायथ्याशी विशेष दक्षता

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांस आणखी एक कारण ठाऊक हवे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा आधीच तोकडा. म्हणून कोणताही आघात नसताना विशी-तिशीच्या तरुणाचे डोके मृत होऊ शकते.

असा रुग्ण जांघेत दुखते, मांडी घालता येत नाही, अशी तक्रार घेऊन येतो. त्यास संधिवात वा गृध्रसी समजून महिनोन्महिने चिकित्सा केल्यास अमूल्य काळ जातो. मांडी आत वळविताना वेदना व मर्यादा आढळल्यास सिकलसेलची चाचणी करावी. विद्राव्यता चाचणी होकारार्थी आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने निश्चिती करावी. आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते, एमआरआयमध्ये दोष लवकर दिसतो. सिकलसेलच्या रुग्णात शरीरातील पाणी कमी झाल्यास वेदनेचा झटका येतो. म्हणून तीव्र स्वेदन व शोधन अशा रुग्णात टाळावे. ज्वर व हाडावर सूज असल्यास अस्थीतील जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्वरित रुग्णालयात पाठवावे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून तपासणीसाठी शासकीय आरोग्य यंत्रणेचे साह्य घ्यावे.

५. कूर्पर आणि घट्ट बंध

झाडावरून किंवा ओट्यावरून पडलेल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलाच्या कोपरावरील भंगास सर्व भग्नांत सर्वाधिक सावधगिरी हवी. प्रगंडास्थीच्या खालच्या टोकापुढून बाहुधमनी व मध्य नाडी जाते. सरकलेला तुकडा त्यांवर दाब देतो. त्यातच सूज वाढत असता बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या, तर अग्रबाहूच्या स्नायूंचा कप्पा आतून कोंडला जातो. स्नायू सुमारे सहा तास रक्ताविना राहिल्यास त्यांची हानी भरून येत नाही. पुढे ते आखडून बोटे नखराप्रमाणे वाकतात. जर्मन शल्यविद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. सुश्रुतांनी कूर्पर हे वैकल्यकर मर्म सांगून त्याच्या आघाताने हात कुणी होतो असे म्हटले आहे. दोन्ही वर्णने एकच आहेत असा आग्रह धरण्याचे कारण नाही. कोपर जपावे, हा बोध मात्र दोहोंतून एकच निघतो.

येथे एक भ्रम दूर व्हावयास हवा. मनगटाची नाडी लागते म्हणून हात सुरक्षित आहे, असे नाही. कप्प्यातील दाब सूक्ष्म वाहिन्या बंद करतो, तेव्हा मोठी धमनी चालूच असू शकते. सर्वांत आधी दिसणारे लक्षण म्हणजे भंगाच्या मानाने अतिरिक्त वेदना, आणि बोटे हळूच सरळ करताच मुलाने किंचाळणे. बधिरपणा, फिकटपणा व नाडीचा लोप ही उशिराची लक्षणे होत.

अशा वेळी प्रथम सर्व बंध पूर्ण सोडावेत. कोपर फार न वाकवता, सुमारे तीस-चाळीस अंशांत सैल आधार द्यावा आणि मुलास तत्काळ रवाना करावे. डोंगरपट्ट्यातील पाड्यावरून धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत सहा तासांतील बराच काळ वाटेतच जातो. म्हणून बंध सोडण्याचे काम पाठविणाऱ्याचे आहे. स्वीकारणाऱ्यावर ते ठेवू नये.

सुश्रुतांनी भग्नबंध सैल असल्यास स्थैर्य येत नाही व अतिघट्ट असल्यास शोथ, वेदना व पाक होतो असे सांगून मध्यम बंधाचा उपदेश केला आहे. शीतकाळी सात, साधारण ऋतूत पाच व उष्णकाळी तीन दिवसांनी बंध सोडून पाहावा, असा त्यांचा नियम आहे. ज्या खानदेशात वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेथे या नियमाचे मोल अधिक आहे. ताज्या भग्नात मात्र तीन दिवसांचीही वाट न पाहता पहिल्या चोवीस तासांत वारंवार बोटे पाहावीत.

६. जुळण्याचा काळ

भग्नस्थानी प्रथम रक्त साकळते, नंतर शोथ येतो. दोन ते तीन आठवड्यांत मऊ सांधा तयार होतो, पुढे तो कठीण होतो, आणि मूळ आकार येण्यास महिने किंवा वर्षेही लागतात. सुश्रुतांनी बाल्यात एक, मध्यम वयात दोन व वृद्धावस्थेत तीन महिने असा काळ सांगितला आहे. आधुनिक ढोबळ नियमानुसार प्रौढाच्या हाताचा भंग सहा ते आठ व पायाचा बारा ते सोळा आठवड्यांत जुळतो. मुलांत हा काळ निम्म्यावर येतो. सुश्रुतांनी वय मोजले, आधुनिकांनी त्यात स्थानाची भर घातली. उत्तरात दोन्ही लिहावीत.

७. औषधविक्रेत्या बंधूंसाठी

लाक्षादी गुग्गुळ, अर्जुन, अस्थिसंहारक म्हणजे आपली कांडवेल ही द्रव्ये भग्नात परंपरेने वापरली जातात. परंतु सरकलेले हाड गोळीने जागेवर येत नाही, आणि तुटलेली धमनीही चूर्णाने जुळत नाही. पडल्यानंतर हाड दुखते म्हणून औषध मागणाऱ्यास प्रथम चित्र काढले आहे काय, एवढे विचारावे.

सांधेदुखीवर तत्काळ उतार देणाऱ्या, नामपट्टीविरहित पुड्या दुकानात ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास दोन दिवसांत वेदना थांबते, परंतु दीर्घकाळ घेतल्याने हाडे ठिसूळ होतात आणि फीमरचे डोके मृत होऊ शकते. औषध नियमांतील नियम १६१ नुसार आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर सर्व घटकांची यादी असणे बंधनकारक आहे. जो रुग्ण अशा पुड्या महिनोन्महिने घेत आला आहे, त्यास त्या एकदम बंद करावयास सांगू नये. त्याने प्राणावर बेतू शकते. त्यास तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवावे.

८. अभ्यासाची रीत

विद्यार्थ्याने प्रत्येक अस्थी हातात घेताना पुढील चार प्रश्न स्वतःस विचारावेत.

१) हिचा प्रकार कोणता व ती कशी मोडते?
२) हिला रक्त कोठून मिळते?
३) हिच्या लगत कोणती नाडी जाते? प्रगंडास्थीच्या मध्यावर बहिःप्रकोष्ठ म्हणजे रेडियल नाडी असते, तिच्या आघाताने मनगट लोंबते. बहिर्जंघास्थीच्या मानेशी पेरोनियल नाडी असते, तिच्या आघाताने पाऊल लोंबते.
४) ती किती दिवसांत जुळते व न जुळल्यास का?

सुश्रुतांनी प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मऊ झाल्यावर कुंचल्याने थर थर खरवडून पाहावयास सांगितले. शास्त्र वाचून व डोळ्यांनी पाहून, अशा दोन्ही मार्गांनी ज्ञान वाढते, हा त्यामागील आग्रह होता. शवविच्छेदनाची खोली आणि क्ष-किरण चित्र ही त्याची आजची साधने होत. प्रवेशपरीक्षेत एका प्रश्नाचे गुण गेले तर पुढील वर्षी पुन्हा परीक्षा देता येते. कोपर मोडलेल्या मुलाच्या हाताबाबत सहा तासांनंतर तशी संधी मिळत नाही, हे ध्यानी ठेवून अभ्यास करावा.