निकोडेमस : कॅन्सासमधील एका कृष्णवर्णीय ग्रामवसाहतीचा इतिहास आणि लोकसंख्या

प्रस्तावना

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लहान ग्रामीण गावांचा इतिहास बहुधा एकाच सूत्रात मांडला जातो : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेबरोबर झालेली वसाहत, विसाव्या शतकाच्या आरंभीची भरभराट आणि त्यानंतरची घट. कॅन्सास राज्याच्या वायव्य भागातील ग्रॅहम काउंटीत वसलेले निकोडेमस वरवर पाहता याच सूत्रात बसते. २०१० च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ५९ होती. २०२० च्या जनगणनेत ती १४ नोंदली गेली. मात्र हे गाव गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसविले, रेल्वे त्याच्यापर्यंत कधी पोहोचलीच नाही, आणि तरीही ते नकाशावरून पुसले गेले नाही. पुनर्रचना पर्वाच्या अखेरीस मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेल्या गावांपैकी आज टिकून असलेले हे एकमेव गाव मानले जाते. ते कोणत्या कारणांनी आकसत गेले आणि चौदा हा आकडा नेमके काय मोजतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वसाहतीची पार्श्वभूमी

निकोडेमसचे पहिले रहिवासी प्रामुख्याने केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन आणि जॉर्जटाउन या परिसरातून आले. ही बाब महत्त्वाची आहे, कारण अनेक सामान्य ग्रंथांत या गावाचा उल्लेख १८७९ च्या मोठ्या स्थलांतराचा भाग म्हणून केला जातो. त्या वर्षी लुइझियाना, मिसिसिपी आदी राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय अल्पावधीत कॅन्सासकडे निघाले होते. निकोडेमसची स्थापना त्याच्या दोन वर्षे आधीची, नियोजित आणि कंपनीमार्फत झालेली आहे. केंटकीची स्थितीही वेगळी होती. यादवी युद्धात ते राज्य संघराज्यातच राहिल्याने १८६३ ची लिंकनची मुक्तिघोषणा तेथील गुलामांना लागू झाली नाही. त्यांची कायदेशीर सुटका डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनेच झाली. मुक्तीबरोबर जमीन मात्र मिळाली नाही. बटाईची शेती, कर्ज आणि वांशिक हिंसा यांतच बहुतेकांचे पुढील दशक गेले.

अशा समाजाला कॅन्सासचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. गुलामगिरीच्या प्रश्नावर रक्तपात होऊन अखेर १८६१ मध्ये हे राज्य गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघात सामील झाले होते. शिवाय १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे वास्तव्य व मशागत करणाऱ्या कुटुंबप्रमुखास अल्प शुल्कात १६० एकर सरकारी जमीन मिळू शकत होती. डब्ल्यू. आर. हिल हा श्वेतवर्णीय जमीन-व्यावसायिक आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय गृहस्थ यांच्या पुढाकाराने एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. धर्मोपदेशक सायमन राउंडट्री जून महिन्यात तेथे पोहोचलेले पहिले रहिवासी होत. पाच डॉलरमध्ये ५ सप्टेंबर १८७७ रोजी कॅन्सासला जाता येईल, असे आवाहन करणारे पत्रक लेक्सिंग्टन भागात वाटले गेले आणि त्या शरद ऋतूत सुमारे तीनशे लोक निकोडेमसला आले.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. काहींच्या मते ते बायबलमधील निकोडेमसवरून आले. इतरांच्या मते गुलामांच्या जहाजातून आलेल्या आणि पुढे स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेणाऱ्या एका दंतकथेतील पुरुषावरून. वसाहतकारांची मनोभूमिका पाहता दुसरी उपपत्ती अधिक पटण्यासारखी आहे.

जाहिरातीत रंगविलेली भूमी आणि प्रत्यक्ष भूमी यांत मोठे अंतर होते. जवळचे रेल्वे स्थानक एलिस येथे, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर दूर होते. तेथून पुढे वृक्षहीन गवताळ मैदान. घर बांधण्यास लाकूड नसल्याने लोकांनी जमीन खोदून तळघरवजा निवारे तयार केले. १८७८ च्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे : गाव कोठे आहे असे त्यांनी विचारले असता त्यांना जमिनीतून वर येणारा धूर दाखविण्यात आला, आणि त्यांना रडू कोसळले. काही कुटुंबे आल्यापावली परत फिरली. जे राहिले त्यांच्यापाशी नांगर आणि जनावरे फारच थोडी होती. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी अन्न देऊन त्यांना तारले, असे गावाची मौखिक परंपरा सांगते. हकालपट्टीस सामोऱ्या गेलेल्या एका समाजाने दुसऱ्या विस्थापित समाजास केलेली ही मदत वसाहतीच्या रूढ इतिहासांत क्वचितच नोंदली जाते.

उभारणीचे दशक

पुढील दहा वर्षांत येथे चर्च, शाळा, दुकाने आणि उपाहारगृहे उभी राहिली. झेड. टी. फ्लेचर हे गावाचे पहिले पोस्टमास्तर. त्यांनी सेंट फ्रान्सिस हॉटेल चालविले. त्यांच्या पत्नी जेनी स्मिथ फ्लेचर यांनी पहिली शाळा घेतली, तीही जमिनीत खोदलेल्या घरातच. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइज’ अशी दोन वृत्तपत्रे निघाली. राजकीयदृष्ट्या सर्वांत लक्षणीय व्यक्ती म्हणजे एडवर्ड पी. मॅकेब. १८७८ मध्ये येथे आलेले मॅकेब प्रथम काउंटीचे लिपिक झाले आणि १८८२ मध्ये कॅन्सासच्या राज्य लेखापरीक्षकपदी निवडून आले. दक्षिणेबाहेर राज्यव्यापी पदावर कृष्णवर्णीय व्यक्ती निवडून येणे ही त्या काळी असाधारण घटना होती. दोन कार्यकाळांनंतर ते ओक्लाहोमाकडे वळले आणि लँग्स्टन या दुसऱ्या कृष्णवर्णीय गावाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला.

रेल्वेचा प्रश्न

गहू पिकविणाऱ्या प्रदेशात रेल्वे स्थानक म्हणजे बाजारपेठ. धान्य घोडागाडीने वाहून नेण्याची मर्यादा एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतराइतकी असे. म्हणून रुळांलगत ठरावीक अंतराने धान्याचे उंच कोठार, त्याभोवती दुकाने, बँक आणि पोस्ट अशी गावे उभी राहत आणि रुळांपासून दूर राहिलेल्या गावाचा व्यापार पाहता पाहता तिकडे सरकत असे. रेल्वे कंपन्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. मार्ग आपल्या गावावरून जावा यासाठी गावेच कंपन्यांना कर्जरोख्यांच्या रूपाने पैसा देऊ करीत. निकोडेमसच्या मतदारांनी १८८७ मध्ये मिसूरी पॅसिफिक कंपनीसाठी १६ हजार डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली. दहा वर्षांपूर्वी जमिनीखाली राहणाऱ्या लोकांनी स्वतःवर लादून घेतलेले हे ओझे होते.

मिसूरी पॅसिफिकचा मार्ग आला नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून रूळ टाकले आणि निकोडेमसपासून काही मैलांवर बोग हे नवे स्थानकगाव उभे राहिले. व्यापाऱ्यांनी आपले व्यवसाय, काहींनी तर इमारतीसुद्धा, तिकडे हलविल्या. दोन्ही वृत्तपत्रे बंद पडली.

वांशिक द्वेषामुळेच रेल्वेने गाव टाळले, असे विधान लोकप्रिय लेखनात आढळते. रेल्वेपासून वंचित राहून विरलेली श्वेतवर्णीय गावेही कॅन्सासमध्ये पुष्कळ आहेत. त्यामुळे एवढ्याच कारणावर भिस्त ठेवणे धाडसाचे ठरेल. वेगळेपण परिणामात दिसते. व्यापारी गेले, पण शेतकरी राहिले. जमिनीची मालकी हीच ज्यांच्या स्थलांतराची मूळ प्रेरणा होती, त्यांना स्थानक हुकले म्हणून जमीन सोडण्याचे कारण नव्हते. निकोडेमस हे बाजाराचे गाव न राहता भोवतालच्या शेतकरी कुटुंबांचे चर्च, शाळा आणि सभागृह असलेले केंद्र झाले. या बदललेल्या स्वरूपात ते आणखी चाळीस वर्षे चांगले नांदले.

पाऊस, जमीन आणि घट

खरी घट विसाव्या शतकाची आहे, आणि ती एकट्या निकोडेमसची नाही. ग्रॅहम काउंटीची लोकसंख्या १९१० मध्ये ८,७०० होती. २००० मध्ये २,९४६, २०१० मध्ये २,५९७ आणि २०२० मध्ये २,४१५. हा प्रदेश शंभराव्या पश्चिम रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेस, म्हणजे बेभरवशाच्या पावसाच्या सीमेवर आहे. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या आपल्या अहवालात कोरड्या पश्चिमेसाठी १६० एकरांचे माप निरुपयोगी असून गुरचराईच्या शेताला २,५६० एकर लागतील, असे बजावले होते. योगायोग असा की त्याच वर्षी निकोडेमसचे वसाहतकार त्या अपुऱ्या मापावर फावड्याने पहिली पेरणी करीत होते. पुढे १९२९ ची मंदी आली, १९३० च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली. त्यानंतर ट्रॅक्टरने एकाच कुटुंबास अनेक कुटुंबांची जमीन कसता येऊ लागली. १९५० मध्ये गावात केवळ १६ माणसे उरली होती. १९५३ मध्ये पोस्ट ऑफिस बंद झाले.

येथे वंशाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, आणि या वेळी पुरावा भक्कम आहे. १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे ९ लाख २५ हजार कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०२२ च्या कृषिगणनेत कृष्णवर्णीय शेती-उत्पादकांची संख्या ५० हजारांहूनही कमी भरली. कृषी खात्याने कर्जवाटपात केलेल्या भेदभावाविरुद्धच्या पिगफर्ड खटल्यात १९९९ मध्ये तडजोड झाली आणि नुकसानभरपाई मान्य करावी लागली. अवर्षण सर्वांवर सारखेच पडते. अवर्षणानंतर मिळणारे कर्ज सर्वांना सारखे मिळत नव्हते.

चौदा या आकड्याचा अर्थ

५९ वरून १४ ही घट शेकडेवारीत मांडल्यास ती तीन-चतुर्थांशांहून अधिक भरते. मात्र इतक्या लहान संख्येला शेकडेवारी लावणे दिशाभूल करणारे आहे. काही घरे रिकामी झाली तरी मोठा फरक पडू शकतो. दुसरे असे की निकोडेमसला नगरपालिका नाही. जनगणना विभागाने केवळ मोजणीसाठी आखलेली त्याची हद्द सांख्यिकीय आहे. भोवतालच्या शेतांवर राहणारी आणि स्वतःस निकोडेमसची म्हणविणारी कुटुंबे त्या हद्दीबाहेर पडतात.

तिसरी बाब तांत्रिक असली तरी अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. नागरिकांची वैयक्तिक माहिती उघड होऊ नये म्हणून २०२० च्या जनगणनेत प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत गणिती पद्धतीने हेतुतः किरकोळ फेरफार करण्यात आला. राज्यांची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली गेली. त्याखालील स्तरांवर, विशेषतः अतिलहान वस्त्यांत, हा फरक जाणवू शकतो. नेब्रास्कातील मोनोवी हे एकाच रहिवाशाचे गाव म्हणून प्रसिद्ध असताना २०२० मध्ये तेथील लोकसंख्या दोन नोंदली गेली, ती याच कारणाने. मोठ्या शहराच्या बाबतीत असा फेरफार नगण्य ठरतो. निकोडेमससारख्या ठिकाणी तो एखाद्या कुटुंबाएवढा असू शकतो. तेव्हा १४ ही संख्या शिरगणती न मानता अंदाज मानणे अधिक योग्य.

१९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळदर्शकाचा दर्जा मिळाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीतील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाले. दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि १९३९ मध्ये सरकारी रोजगार योजनेतून चुनखडीच्या दगडात बांधलेले टाउनशिप सभागृह अशा पाच वास्तू त्यात आहेत. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी संपुष्टात आली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ येथे पूर्वापार मुक्तिदिन साजरा होत असे. त्याचेच आजचे रूप म्हणजे जुलैच्या अखेरच्या शनिवार-रविवारी भरणारा ‘होमकमिंग’ मेळावा. निरनिराळ्या राज्यांत स्थायिक झालेले शेकडो वंशज त्यासाठी गावी येतात. जनगणना प्रत्येक व्यक्तीस १ एप्रिल रोजी तिच्या नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणी मोजते. त्यामुळे या लोकांची गणना डेन्व्हर, कॅन्सास सिटी किंवा ते जेथे असतील तेथे होते.