खाऱ्या पाण्याची टाकी केव्हा तयार होते?

नव्या टाकीतील खारे पाणी नितळ दिसू लागले, म्हणजे मासे सोडता येतील का? तसे केल्यास मासे काही दिवसांतच दगावू शकतात. मासे अमोनिया बाहेर टाकतात, आणि समुद्राच्या पाण्यासारख्या सुमारे ८.२ सामूच्या पाण्यात तो अधिक विषारी ठरतो.

टाकीत त्याची विल्हेवाट मुख्यतः जिवाणू लावतात. एक गट अमोनियापासून नायट्राइट बनवतो, दुसरा नायट्राइटपासून बराच कमी घातक नायट्रेट. वाळूवर व दगडांवर हे जिवाणू सावकाश वाढतात. बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात.

म्हणून रिकाम्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया मिसळून आपण रोज पाणी तपासू व आलेख काढू. आधी अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढते, मग तेही उतरते.

दोन्ही शून्यावर आले, म्हणजे झाले का? जिवाणू नसलेल्या, नुकत्याच भरलेल्या टाकीतही शून्यच दिसते! म्हणून पुन्हा तेवढाच अमोनिया घालू. २४ तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट वाढले, तरच टाकी तयार. मग थोडे पाणी बदलून आधी एक-दोनच मासे सोडू.