दोन गडी जायबंदी, तरी पलटण अंतिम फेरीत

१५ डिसेंबर २०२२ ची रात्र. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात द्राक्षबाग पाहायला गेलो होतो. चार दिवस ढगाळ हवा, त्यामुळे बागवाल्यांच्या जिवाला घोर. पानं उलटीसुलटी करून पाहता पाहता अंधार पडला. थ्री फेजची लाईट रात्रीची होती, म्हणून घरी कोणी जायच्या बेतात नव्हतं. मोटारीच्या शेडखाली शेकोटी पेटली आणि एका पोराने मोबाईल खोक्याला टेकवून ठेवला. साडेआठच्या सुमारास प्रो कबड्डीची उपांत्य लढत होती, पुणेरी पलटण विरुद्ध तामिळ थलैवाज.

"साहेब, आज पुणं जातंय बघा," एक पोरगा म्हणाला. "अस्लम नाही, मोहित नाही. चढाई करायची कुणी?"

शेजारी बसलेले बाबा पूर्वी हुतूतू खेळलेले. ते म्हणाले, "अरे, सात जण उतरलेत ना? त्यातला कोणीतरी जाईलच की."

पोरगं हसलं. पण त्या रात्री बाबांचंच खरं झालं.

ज्यांनी हा संघ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. पहिल्या दोन हंगामांत पुणेरी पलटण आठ संघांत आठवी, म्हणजे सरळ तळाला. पुढे अधूनमधून वर आली, पण विजेतेपद काही हाती लागलं नाही. २०२१-२२ चा हंगाम करोनामुळे बंगळुरूला बिनप्रेक्षकांचा झाला. त्या वेळी संघात राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी नावाजलेली माणसं होती. अनुपकुमार प्रशिक्षक. सुरुवात रडतखडत झाली. मग मोठी नावं बाजूला राहिली आणि संघाच्याच युवा पलटणीत तयार झालेली दोन पोरं पुढे आली. एक अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला (आताचा अहिल्यानगर). त्याचे वडील लहानपणीच गेले, आईने कष्ट करून घर चालवलं. दुसरा हरियाणाचा मोहित गोयत. या दोघांच्या चढायांवर संघाने कसाबसा सहावा क्रमांक गाठला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाने ४२-३१ असं हरवून घरी पाठवलं, ती गोष्ट वेगळी. पण तिथून संघाने धडा घेतला. पुढच्या हंगामात ती दोन्ही मोठी नावं संघात नव्हती.

२०२२ च्या लिलावात पलटणीने पैसा घातला तो पकडीवर. इराणचा फझल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणि त्याचाच देशबंधू मोहम्मद नबीबक्ष ८७ लाखांना घेतला. फझलला कप्तान केलं. चढाई मात्र विशी-बाविशीतल्या पोरांकडेच ठेवली. त्यात नाशिकजवळच्या आडगावचा आकाश शिंदे होता. प्रशिक्षक बी. सी. रमेश. याच माणसाने २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं. साखळीत पुणे ८० गुणांनी दुसरं आलं, जयपूर ८२ गुणांनी पहिलं. साखळीपुरतं म्हणाल तर पलटण काही दुबळी नव्हती. दुबळी झाली ती ऐन बाद फेरीच्या तोंडाशी. अस्लम जायबंदी, मोहितही जायबंदी. आपल्या भाषेत सांगायचं तर माल भरायला आला आणि बागेची तारच तुटली.

समोरच्या तामिळ संघाची कथाही ऐकण्यासारखी आहे. त्यांनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांच्या वर रक्कम देऊन घेतलं होतं. तोवर एवढी बोली कोणावर लागली नव्हती. पहिल्याच सामन्यात काही मिनिटांत त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. सगळ्यांनी त्या संघावर फुली मारली. तिथे नरेंदर नावाचं नवं पोरगं उभं राहिलं आणि पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २४३ गुण केले. संघाने इतिहासात प्रथमच बाद फेरी गाठली आणि यूपीला बरोबरीनंतरच्या जादा चढायांत हरवून उपांत्य फेरीत आला. म्हणजे त्या रात्री मोबाईलवर जे दोन संघ भिडत होते, त्या दोघांचेही मोठे गडी बाहेर बसलेले होते.

मध्यंतराला तामिळ पुढे होतं. शेडखाली शांतता. कोणी शेकोटीत तुराटी सारली, कोणी मोटार बघून आला. आणि मग पंकज मोहिते नावाच्या पोराने डाव हातात घेतला. तो संघात २०१९ पासून होता, पण बोलबाला अस्लम-मोहितचा. तो एकेक करत गुण आणत राहिला. पुण्याने ३९-३७ असा सामना काढला, त्यातले १६ गुण एकट्या पंकजचे. दोन गुणांचा फरक म्हणजे एका चढाईचा खेळ. आमचे बाबा उठून म्हणाले, "मी काय म्हणलो होतो?" आणि बॅटरी घेऊन बारे द्यायला निघून गेले.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, मुंबईत वरळीला अंतिम सामना झाला. चढाईचा भार आकाश, पंकज आणि आदित्य शिंदे या पोरांवरच होता. जयपूर ३३, पुणे २९. चार गुणांनी गेलं. शेडमधल्या पोरांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण घरी परतताना डोक्यात हार नव्हती, पंकजचे ते १६ गुण होते.

नांग्या भरायची रोपं

आपण टोमॅटो लावतो तेव्हा रोपं मोजून आणत नाही. दहा हजार लागत असतील तर पाच-सातशे वरकड घेतो आणि बांधाच्या कडेला सावलीत राखून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी मर झालेल्या जागी नांग्या भरायच्या असतात. त्या राखीव रोपांना पाणी द्यावं लागतं, फवारणी करावी लागते. लागली नाहीत तर वाया गेली असं वाटतं. पण ज्या वर्षी मर जास्त होते त्या वर्षी तीच रोपं प्लॉट वाचवतात. आणि एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. राखीव रोप खुरटलेलं, पिवळं असेल तर नांगी भरूनही उपयोग नाही. ते लावलेल्या रोपाइतकंच तयार पाहिजे.

पुण्याने हेच केलं. युवा पलटणीत पोरं वर्षानुवर्षं खेळवली, नुसती बसवून ठेवली नाहीत. अस्लम, मोहित, आकाश, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन ही सगळी नावं बघता बघता पहिल्या संघात आली. त्यातले दोघे पडले तेव्हा तिसरा-चौथा तयार होता.

पुढचं झटपट सांगतो. २०२३ च्या हंगामाआधी फझलला सोडलं आणि कप्तानी अस्लमकडे दिली. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत भारताने सुवर्ण घेतलं, त्या बारा जणांत अस्लम होता आणि आपला आकाशही होता. मग १ मार्च २०२४ ला हैदराबादला पलटणीने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम. अंतिम सामन्यात चढाईचा मोठा वाटा पुन्हा पंकजचा. नुसत्या पोरांच्या जोरावर झालं असं मात्र कोणी म्हणू नये. त्याच हंगामात इराणच्या शादलूवर २ कोटी ३५ लाख मोजले होते आणि पकडीत तो सर्वांत पुढे राहिला. पैसा लागतोच. पुढच्याच हंगामात, २०२४ मध्ये, हा विजेता संघ बाद फेरीतही पोचला नाही, आणि २०२५ ला पुन्हा अंतिम फेरीत जाऊन दिल्लीकडून २८-३१ असा हरला. खेळ आहे, वर-खाली चालायचंच.

आपल्या गावचा संघ

आता गावाकडे येतो, कारण लिहायचं खरं ते इथेच आहे.

एका यात्रेत ५५ किलो वजनी गटाचे सामने पाहिले. ज्या गावाचा संघ उपांत्य फेरीत होता, त्यांच्याकडे एकच चढाईपटू. पोरगा जबरदस्त. खोलवर जाऊन कोपऱ्याला हात लावून यायचा. पहिल्या डावात आठ गुणांची आघाडी. दुसऱ्या डावात पकड झाली आणि गुडघा मुरगळला. राखीव बाकावर दोघे. एक जण पाण्याच्या बाटल्या सांभाळायला आणलेला. दुसऱ्याला उतरवलं, तर तो मध्यरेषा ओलांडून दोन पावलांवरून परत. सरावात त्याला कधी चढाई करूच दिली नव्हती, त्याने तरी काय करावं? दोन लोण चढले आणि सामना गेला. सगळे म्हणाले, नशीब फुटकं. मला ते पटलं नाही. त्या पोराला वर्षभर आठवड्यातून दोन दिवस तरी चढाईला सोडला असता तर एवढं झालं नसतं.

गुडघ्याचंही तेच. मैदान कसं होतं ते सांगतो. मुरूम टाकून रोलर फिरवलेला, वर फक्कीच्या रेषा. बाकी दिवस तिथे ट्रॉल्या उभ्या राहतात, लग्नाचा मांडव पडतो, कांद्याच्या गोण्या उतरतात. अशा जमिनीवर पोरगं पडलं तर काय होणार? कबड्डीच्या नियमातच म्हटलंय की मैदान सपाट आणि मऊ असावं. माती, खत आणि लाकडाचा भुसा यांचं केलेलं. यातलं कोणतं आपल्याकडे नाही? गाळाची माती चाळून घ्यायची, कुजलेलं शेणखत चाळून मिसळायचं, गावातल्या सुताराकडून किंवा वखारीतून भुसा आणायचा. अर्धी कच्ची खत मात्र टाकू नका, हुमणीची अंडी-अळ्या येतात आणि जखमही चिघळते. सरावाआधी हलकं पाणी शिंपडायचं, आठवड्याला खडे वेचायचे.

जागा किती लागते? पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या थोडं वर. मुलींचं १२ बाय ८. चारही बाजूंनी चार मीटर मोकळं सोडलं तरी चार गुंठ्यांत बसतं. गावठाणात चार गुंठे निघत नाहीत असं सांगणारे सरपंच मी पाहिलेत आणि त्याच गावात पन्नास ट्रॉल्या उभ्या राहायला जागा निघते हेही पाहिलंय. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची ग्रामसभा होते तेव्हा पोरं बाहेर वडाखाली बसलेली असतात. त्यांनी आत येऊन विषय मांडावा, आणि भाऊसाहेबांनी तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. तोंडी आश्वासनावर मैदान टिकत नाही. पुढचा सरपंच येतो आणि तिथे गाळे बांधतो.

पोरं मॅटवर का मार खातात हेही जाणून घ्यायला हवं. मोठे सामने आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी खेळलेलं पोर मॅटवर बूट घालून उतरलं की त्याचा पाय पकड घेतो तिथे मातीत घसरायचा, आणि वळायला गेलं की गुडघ्यावर ताण येतो. प्रत्येक गावाला मॅट परवडणार नाही. पण चार-पाच गावांत मिळून एक, माध्यमिक शाळेच्या सभागृहात, हे जमण्यासारखं आहे. शेततळ्याचा कागद आपण तिघाचौघांत मिळून आणतो, तसंच.

दिंडोरीच्या त्या गावात पुढे काय झालं ते सांगतो. उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी बाबांनाच धरलं. बाबा म्हणाले, "आधी सातजण नाही, चौदाजण गोळा करा. दोन संघ झाले की रोज सामना होतो. आणि रोज वेगळा चढाईला." जागा एका शेतकऱ्याने बांधाला लागून दिली, पडीक तुकडा. माझ्याकडे विचारायला आले ते शेणखत किती टाकायचं म्हणून. मी म्हटलं, गड्यांनो, हे पीक आमच्या शिफारशीत नाही, पण सांगतो.

यंदा १५ जुलैला, कबड्डी दिनाला, त्यांनी मैदानावर नारळ फोडला. हा दिवस शंकरराव तथा बुवा साळवी यांच्या जयंतीचा. कबड्डीला गावातून आशियाई खेळांपर्यंत नेण्यात त्यांचा मोठा हात. १९९० साली बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा आशियाई खेळांत पदकासाठी खेळली गेली. ही गोष्ट बाबांनी पोरांना सांगितली. पोरांना ती नवीन होती.

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी परत गेलो होतो. संध्याकाळी मैदानात अकरा-बारा जण. बाहेर उभ्या एका सडपातळ पोराला विचारलं, "तू कितवा रे?"

"नववा," म्हणाला. "पण काल चार जण मारले."

मग आम्ही काडी पाहायला बागेत गेलो.