खोलीचा षड्ज

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत शिरलात की प्रथम कानांवर आदळतो तो कोलाहल. १८८६ साली उघडलेल्या या अष्टकोनी इमारतीत शेकडो माणसे एकदम बोलत असतात. तरीही कोणताच एक सूर घुमत राहत नाही.

आता मंडईमागच्या गल्लीतल्या एका लहान खोलीत चला. माझा भाचा तिथे रियाज करतो. एका स्पर्धेसाठी त्याला गाणे ध्वनिमुद्रित करून पाठवायचे होते. चार दिवस उरले होते आणि प्रत्येक वेळी षड्जावर आला की आवाज फुगून घुमत होता. भिंतींवर त्याने अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले, पण घुमणे तसेच! "मामा, माझा सूरच जाड लागतो का हो?" बिचारा रडकुंडीला आला होता.

मी सुराऐवजी खोली मोजली. रुंदी भरली अडीच मीटर.

थोडे गणित करू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. भाच्याची पट्टी काळी एक. तिच्या षड्जाची कंप्रता सुमारे १३८ हर्ट्झ. ३४५ ला १३८ ने भागा. तरंगलांबी आली अडीच मीटर! म्हणजे खोलीच्या रुंदीत बरोबर एक तरंग मावतो. भिंतीवरून परतणारा तरंग जाणाऱ्या तरंगात मिसळतो आणि स्थिर तरंग तयार होतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. थोडक्यात, भाच्याचा षड्ज हाच खोलीचाही षड्ज होता.

या स्थिर तरंगात हवेचा दाब सर्वांत जास्त बदलतो तो दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या मध्यभागी. भिंतींपासून दूर म्हणून भाचा नेमका मधोमध बसत होता! भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे सुमारे ६२ सेंटिमीटरवर, दाब जवळजवळ बदलतच नाही. त्याला मी भिंतीपासून दोन फुटांवर बसवले, मायक्रोफोनही त्याच रेषेत ठेवला. षड्ज बराच निवळला. खर्च शून्य. (मंद्र षड्जाचा हिशेब मात्र वेगळा, तो मध्यभागी दबतो.)

मग ट्रे का हरले? कापूस, गोणपाट, पुठ्ठा यांच्या छिद्रांतून हवा मागेपुढे हलते तेव्हा घर्षणाने ध्वनीची ऊर्जा उष्णतेत बदलते. पण भिंतीला टेकून हवा हलतच नाही! ती जास्तीत जास्त हलते त्याच ६२ सेंटिमीटरवर. चार-पाच सेंटिमीटरचा पातळ पुठ्ठा तिथवर पोचणार कसा? टाळीचा तीक्ष्ण आवाज तो थोडाफार मवाळ करतो, खर्जाला मात्र दाद देत नाही. जाडी हवी. म्हणून आम्ही घरातल्या कापसाच्या गाद्यांच्या वळकट्या करून कोपऱ्यांत, भिंतीपासून थोड्या सोडून, उभ्या केल्या. उरलेले घुमणेही कमी झाले.

गाद्यांची ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात शब्द घुमत असत. १८९५ पासून वॉलेस सॅबाइन यांनी तिथे रात्री-अपरात्री नाट्यगृहातल्या उशा आणून ठेवल्या आणि आवाज किती वेळ टिकतो हे मोजले. ध्वनिशोषणाचे त्यांचे माप काय होते, ठाऊक आहे? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही.

मंडईचे कोडेही इथेच सुटते. तिथे बाहेर जायला मोकळ्या वाटा भरपूर. शिवाय इमारत एवढी मोठी की तिच्या स्वतःच्या कंप्रता असंख्य आणि एकमेकींना खेटून असतात, एकटी कोणी उठून दिसत नाही. लहान खोलीत त्या मोजक्या आणि विरळ, म्हणून एखादाच सूर फुगतो. जुन्या वाड्यांतल्या फळ्यांच्या पातळ भिंती स्वतः थरथरून खर्ज थोडा खात असत. काँक्रीटची भिंत तो जवळजवळ सगळा परत करते.

तुमच्या खोलीची रुंदी मीटरमध्ये मोजा आणि ३४५ ला तिने भागा. त्या कंप्रतेच्या जवळची पेटीची पट्टी दाबून धरा, भाता एकसारखा चालू ठेवायला मित्राला सांगा आणि एका भिंतीकडून दुसरीकडे सावकाश चालत जा. सूर कुठे चढतो, कुठे पडतो, तिथे खडूने खुणा करा. लांबीचाही असाच हिशेब करून पाहा.

भाच्याचे गाणे वेळेत गेले. वळकट्या मात्र रात्री झोपायला लागतात, त्यामुळे त्याचे ध्वनिमुद्रण आता जेवणाआधीच उरकावे लागते.