‘स्वॅलो’: रूप एक, कुळं दोन

इंग्रजीत ‘स्वॅलो’ म्हणजे गिळणं आणि ‘स्वॅलो’ म्हणजे भिंगरी पक्षी. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच, मग शब्द एकच असणार, अशा समजुतीतून एक कथा सर्रास सांगितली जाते: भिंगरी उडता उडता किडे गिळते, म्हणून इंग्रजांनी तिला ‘गिळणारी’ म्हटलं. कथा चटकन पटते, कारण तिच्यातलं पक्षीनिरीक्षण अगदी खरं आहे. भिंगरी हवेतल्या हवेतच किडे टिपते. व्युत्पत्ती मात्र खोटी आहे. हे दोन शब्द मुळात वेगळे होते आणि उच्चार बदलत गेल्यामुळे पुढे एकसारखे झाले.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत गिळण्याचं क्रियापद होतं ‘स्वेल्गान’ आणि पक्ष्याचं नाव ‘स्वेआल्वे’. एकात ग, दुसऱ्यात व. पुढच्या काही शतकांत ‘ल’ आणि ‘र’ यांच्यानंतर येणारा हा ग झिजून व झाला. एकट्या याच शब्दाचं असं झालं असतं, तर शंकेला जागा होती. पण त्याच रेट्यात ‘फोल्गियान’चं ‘फॉलो’ झालं, ‘सोर्ग’चं ‘सॉरो’, ‘बोर्गियान’चं ‘बॉरो’, आणि फाशीच्या खांबाचं ‘गाल्गा’ हे नाव ‘गॅलोज’ झालं. जर्मनने आपला ग सोडला नाही: फोल्गन, झोर्गे, बोर्गन, गाल्गन. त्यामुळे तिथे आपली जोडीही आजवर वेगळीच राहिली आहे. क्रियापद ‘श्वेल्गेन’, ज्याचा अर्थ आता चैनीत, खाण्यापिण्यात रमणं असा झाला आहे, आणि पक्षी ‘श्वाल्बे’. जर्मन माणसाचा असा गोंधळ होणं कठीणच.

यावर कुणी म्हणेल, आणखी मागे गेलं तर दोन्ही एकाच मुळाशी पोचत नसतील कशावरून? सुरुवात तर दोन्हींची सारखीच आहे. पण नुसती सुरुवात जुळली म्हणून नातं ठरत नाही. जुन्या नॉर्समध्येही गिळण्याला ‘स्वेल्ग्या’ आणि पक्ष्याला ‘स्वाला’. म्हणजे भावंडभाषांमध्ये जिथे जिथे ही जोडी सापडते, तिथे ग क्रियापदाकडेच आहे, पक्ष्याकडे कुठेच नाही. आणि नाव ठेवतानाच दोन शब्द वेगळे असतील, तर ‘गिळते म्हणून स्वॅलो’ हे स्पष्टीकरण उभंच राहू शकत नाही.

दुसरा गैरसमज अर्थाबद्दलचा. घशाखाली उतरवणं हाच मूळ अर्थ, आणि समुद्राने जहाज गिळलं किंवा अंधाराने गाव गिळलं ही नंतरच्या कवींची करामत, असं मानलं जातं. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याचं हस्तलिखित साधारण इ.स. 1000 च्या सुमाराचं. त्यात ग्रेंडेल हा राक्षस झोपलेल्या योद्ध्याला फाडून त्याचे मोठाले लचके गिळतो, तिथे हेच क्रियापद आहे. आणि शेवटी नायकाच्या चितेचा धूर आकाश गिळून टाकतं, तिथेही तेच! आकाशाला कुठला घसा? पाण्याच्या भोवऱ्यालाही त्या काळी याच धातूवरून ‘स्वेल्गेंड’ म्हणत. चुनखडीच्या प्रदेशात वाहता ओढा ज्या विवरात गडप होतो, त्याला आजही ‘स्वॅलो होल’ म्हणतात. उशिरा आला तो थाप गिळण्याचा, म्हणजे ऐकलेलं खुशाल खरं मानण्याचा अर्थ. तो 16 व्या शतकाच्या अखेरचा.

अशीच एक फसवी जोडी ‘गल्प’ आणि ‘गल्फ’ यांची. ‘गल्प’ म्हणजे घटाघटा गिळणं. हा डच वळणाचा, घशाच्या आवाजाची नक्कल करणारा शब्द. आखाती देशांना आपण सरसकट ‘गल्फ’ म्हणतो, तो मूळचा ग्रीक ‘कोल्पोस’. त्याचा अर्थ छाती, कूस, वस्त्राचा घोळ. इटालियन आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. घोळ होण्याचं कारणही समजण्यासारखं आहे: एकेकाळी इंग्रजीत ‘गल्फ’ म्हणजे सगळं ओढून घेणारा भोवरा, अथांग दरी असाही अर्थ होता. 16 व्या शतकात ‘एन्गल्फ’ हे क्रियापद घडलं, ते या ‘गल्फ’वरूनच, ‘गल्प’चा त्यात काही हात नाही.