हिरव्या पाण्याला घाबरू नका

अंगणात नवा हौद बांधला, कमळ लावलं, मासे सोडले; पंधरा दिवसांत पाणी हिरवंगार! मग आपण हौद उपसतो, घासतो, पुन्हा भरतो. पाणी पुन्हा हिरवं होतं. असं का?

शेवाळाला ऊन आणि खत हवं असतं. नव्या हौदात दोन्ही मुबलक. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषच. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही घातक. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि वनस्पतींचं खाद्य. या जिवाणूंना हौदाच्या भिंतींवर, खड्यांवर बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. हौद घासला की तेही धुऊन जातात आणि मासे मरू लागतात.

शेवाळ मारण्याचं औषधही बेतानंच. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. नव्या सिमेंटमधला चुना पाणी अल्कधर्मी करतो. अशा पाण्यात अमोनिया अधिक जहाल होतो.

म्हणून नवा हौद आधी दोन-तीनदा भरून उपसावा. मग कमळ लावावं. पानांनी निम्मं पाणी झाकलं की शेवाळाचं ऊन तुटतं. मासे शेवटी, तेही दोन-चार गप्पी. डासांच्या अळ्या ते खातातच. वरून खाद्य चिमूटभरच द्यावं. पाणी बदलायचं तर पाव हिस्सा, आणि नळाचं पाणी दिवसभर उघड्या पिंपात ठेवून, म्हणजे क्लोरीन उडून जातं. एवढं केलं की महिना-दीड महिन्यात पाणी आपोआप निवळू लागतं.