अँप कुणाचाही असो

आमच्या विंगमध्ये दर सेमिस्टरला एक चर्चा होतेच. इंटर्नशिपचे पैसे हातात आले की कुणीतरी जाहीर करतो, आता आपण अमुक प्रोसेसर घेणार, कारण त्यात 'तो' आवाज आहे. 'तो' म्हणजे कुणाचा, हे त्या वर्षीच्या फॅशनवर ठरतं. यंदा थर्ड इयरचा एक जण पंचवीस हजार घेऊन बसलाय आणि त्याला मार्क नॉफ्लर व्हायचंय. घेऊ का म्हणून मला विचारत होता. म्हटलं लेखच लिहितो, वाच आणि ठरव. संपादकही मॅटर मागत होतेच, एका दगडात दोन पक्षी.

तर नॉफ्लरपासूनच सुरू करू. डायर स्ट्रेट्सचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' १९७८ सालचं. गिटार फेंडर स्ट्रॅटोकास्टर, आवाज स्वच्छ, काचेसारखा. हॉस्टेलमध्ये गिटार धरणारा प्रत्येक जण एकदा तरी त्याच्या शेवटच्या सोलोत बोटं अडकवून घेतो. आता १९८० चं 'रोमिओ अँड ज्युलिएट' लावा. इथे धातूची नॅशनल रेझोनेटर आहे, तीच जी 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या कव्हरवर आकाशात तरंगताना दिसते. मग १९८५ चं 'मनी फॉर नथिंग' लावा. आता गिबसन लेस पॉल, डिस्टॉर्शन भरपूर, आवाज नाकातून बोलल्यासारखा. त्याला म्हणे झीझी टॉपच्या बिली गिबन्ससारखा जाडजूड आवाज हवा होता. तीन गिटारी, तिघींची जातकुळी वेगळी, तरी चार सुरांत माणूस ओळखू येतो. गिबन्स व्हायला निघालेला नॉफ्लर शेवटी नॉफ्लरच निघाला!

कारण तिन्ही ठिकाणी तार छेडणारा हात एकच आहे. हा गृहस्थ पिक वापरत नाही. अंगठा आणि पुढची दोन बोटं वाजवतात, उरलेली दोन बहुतेक वेळा गिटारच्या अंगावर टेकलेली. त्यातून तो मुळात डावखुरा, पण गिटार उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसारखी धरतो. म्हणजे त्याचा जोरदार हात फ्रेट्सवर!

आता बोटाने आणि जागेने एवढा काय फरक पडतो? तर फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम हार्मोनिक गायब होतात, कारण त्यांचा नोड नेमका तिथेच असतो. एकपंचमांशावर छेडली की पाचवा जातो. स्ट्रॅटच्या तारेची लांबी साधारण ६४८ मिलिमीटर. म्हणजे उघडी तार ब्रिजपासून १३ सेंटीमीटरवर छेडली तर पाचवा हार्मोनिक मेला, साडेसहा सेंटीमीटरवर छेडली तर दहावा. हात इकडून तिकडे सरकायला अर्धा सेकंदही लागत नाही आणि चांगला वादक एका ओळीत हे दहादा करतो. पेडलचं बटण इतक्या वेळा कोण फिरवणार? शिवाय बोटाचं मांस रुंद आणि मऊ असतं, त्यामुळे छोट्या लांबीच्या लहरी तो दाबून टाकतो. म्हणजे फुकटात लो-पास फिल्टर. पिकची धार त्या सगळ्या उठवते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं डिस्टॉर्शन लावल्यावर हे बारकावे राहतात कुठे? प्रश्न रास्त आहे. डिस्टॉर्शन म्हणजे क्लिपिंग. हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं जवळजवळ सारखंच होतं. पण ईअँडटीसीवाल्यांनो, एफएम रिसीव्हरमधला लिमिटर आठवा. तोही सिग्नलची डोकी उडवतो, तरी गाणं शाबूत राहतं, कारण माहिती अँप्लिट्यूडमध्ये नसून फ्रिक्वेन्सीमध्ये आहे. गिटारचंही तसंच. तार किती ओढली, किती वेळात सुरावर नेली, तिथे किती वेगाने थरथरवली, पुढचा सूर ठेक्याच्या किती मागे टाकला, यातल्या कशालाच क्लिपिंग हात लावू शकत नाही. अँप कितीही किंचाळू दे.

आणि हे सोपं काम नाही. एक पूर्ण स्वर वर ओढायचा म्हणजे फ्रिक्वेन्सी १.१२ पट करायची, म्हणजे तारेचा ताण सुमारे १.२६ पट. बोटाच्या टोकावर हे तोलून धरायचं आणि वर ते बरोबर सुरात! प्रत्येकाची ओढ वेगळी पडणारच. बी. बी. किंगचं उदाहरण घ्या. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट तारेवर स्लाइड फिरवून वाजवायचा. किंगला ते जमेना, म्हणून तो तसा आवाज काढायला एका बोटावर हात टेकवून अख्खा पंजा फडफडवू लागला. पुढे तोच व्हायब्रेटो त्याची सही झाला. २०१५ साली तो गेला, पण आजही त्याचा एक सूर, फक्त एक, लावा आणि जाणकाराला विचारा.

टेड न्यूजंटने स्वतः सांगितलेला एक किस्सा आहे. सत्तरच्या दशकात त्याला एडी व्हॅन हेलनच्या गिटार-अँपवर वाजवायची संधी मिळाली. वाटलं, आता आपण एडीसारखे गर्जणार. वाजवलं, तर बाहेर आला न्यूजंटच!

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला सुचलं (सर, रागावू नका, लक्ष होतं). आपण समजतो, वादक हा इनपुट आणि अँप हे ट्रान्सफर फंक्शन, झालं. पण ही ओपन लूप नाहीच. वादक ऐकत असतो. आवाज पातळ लागला तर हात आपोआप गळ्याकडच्या बाजूला सरकतो, कर्कश लागला तर बोट नरम पडतं. रेफरन्स सिग्नल त्याच्या डोक्यात आहे आणि हात एरर कमी करत बसलेला असतो. अँप बदलला की प्लांट बदलला, इतकंच. लूप चांगला ट्यून झालेला असेल तर आउटपुट पुन्हा त्याच ठिकाणी येतं. आमच्या विंगमध्ये तिघं वाजवतात, गिटार एकच, तीही कुणाची ते आता कुणालाच आठवत नाही. बाथरूममधून ऐकूनसुद्धा कोण बसलंय ते कळतं.

मग सामान फालतू? मुळीच नाही. असं म्हणणाऱ्याकडे सहसा महागाचा अँप आधीच असतो. क्वीनच्या ब्रायन मेने १९६३ पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं, आणि तीच गिटार आयुष्यभर वाजवली. (पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडीही केली. बॅकलॉगवाल्यांनी धीर सोडू नये.) त्या गिटारशिवाय तो आवाज नाही हे खरंच. पण पिकऐवजी तो सिक्सपेन्सचं नाणं धरतो, आणि ते नाणं कसं तिरकं धरायचं हे गिटारमध्ये कोरलेलं नाही. तेव्हा पंचवीस हजारवाल्या मित्रा, प्रोसेसर जरूर घे. अँप आणि पेडलची नक्कल आजकालची यंत्रं झकास करतात. फक्त त्यात नॉफ्लरचा अँप मिळेल, अंगठा मिळणार नाही.

पटत नसेल तर करून बघा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, लॅपटॉपवर ऑडॅसिटी फुकट मिळते. ए ची उघडी तार, ११० हर्ट्झ. आधी बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मध्यावर छेडा, मग ब्रिजजवळ. दोन्हींचा स्पेक्ट्रम काढा. पहिल्यात २२० चं शिखर बसलेलं दिसेल. अगदी शून्य होणार नाही, कारण बोट म्हणजे बिंदू नव्हे. नंतर एकाच जागी पिक आणि अंगठा, असे दोन ग्राफ शेजारी ठेवा. हे सगळं रात्री अकराच्या आत उरका, वरच्या मजल्यावर फायनल इयरची प्लेसमेंटची तयारी चालू असते.